कांताबाईंचे तेरा शनिवार

जीवनला मी प्रोग्रामर म्हणत नाही. आपल्या गावात किती वाजलेत, हे पाहायचीही ज्याला गरज वाटत नाही, त्याला दुसरं काही म्हणायला हवं.

कांताबाई एकोणीस वर्षं आमच्या बसस्टँडचा रस्ता झाडत होत्या. यवतमाळहून पहिली गाडी पावणेसहाला येते, म्हणून त्या पाचच्या ठोक्याला हजर. बाकीचे सहानंतर डोळे चोळत यायचे. ठेकेदारानं चेहरा दाखवून हजेरी घेणारं ॲप जीवनकडून करून घेतलं आणि तीन महिन्यांनी कांताबाईंच्या हातात नोटीस पडली. तेरा शनिवार गैरहजर. तेरा रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, खोटी हजेरी. कामावरून कमी का करू नये?

माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कागद घेऊन त्या तिथं आल्या.

"जय भीम, भाऊ. मले सांगा, शनिवारी मंग झाडलं कोणं? याच्या बापानं?"

नोटिशीला जोडलेली हजेरीची यादी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. त्यांची प्रत्येक हजेरी एक दिवस मागं पडली होती. सोमवारची रविवारी, शनिवारची शुक्रवारी. सर्व्हर जागतिक वेळ धरतो, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडं पहाटेचे साडेपाच होईपर्यंत तिथं कालचीच तारीख असते. आधी वेळ आपल्याकडची करायची, मग तारीख काढायची, एवढं साधं काम या दीडशहाण्यानं केलं नव्हतं. सहाला येणारे म्हणूनच सुटले.

जीवनला फोन लावला. म्हणाला, "मंग तिले सहाले याले सांगा न. कायले लफडं करून राह्यले?"

त्याच संध्याकाळी त्यानं गुपचूप दुरुस्ती केली. ठेकेदारासमोर मात्र बेधडक म्हणाला, "ॲपमध्ये काही चूक नव्हती." मी भांडलो, यादी टेबलावर आपटली. ठेकेदारानं तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं कांताबाईंपुढं माफीनामा सरकवला. सही करा, उद्यापासून कामावर या.

"माफी कायची मांगू? पाचले येते म्हून?" त्यांनी कागद तसाच परत ढकलला. "तेरा शनिवार झाडले म्या. नाही झाडले म्हून सही नाही करत."

नोकरी गेली. जीवन रस्त्यात भेटला की अजून हसून हात करतो, आणि माझ्या अंगाची लाहीलाही होते.

कांताबाईंच्या जागी आलेला माणूस सव्वासहाला येतो. पहिल्या गाडीची माणसं कचऱ्यातच उतरतात. त्याचा एकही शनिवार बुडालेला नाही.