वाईहून आलेला घेवड्याचा डबा

चाळीस मुली एका सुरात कविता म्हणत, आणि शेवटच्या बाकावरून एक आवाज अर्धी ओळ मागून येई. बाकीच्या थांबल्या तरी तो एकटाच पुढे जाऊन ओळ पुरी करी. गुलाब तिचं नाव. पन्नासएक वर्षं झाली, मास्तरकीतून मीही कधीच निवृत्त झालो, पण पनवेलच्या आमच्या मुलींच्या शाळेवरून जाताना तो आवाज अजून ऐकू येतो.

यंदा जानेवारीत शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. "सर, मुलींना घेऊन वाईला चाललोय. कविता म्हणून घ्यायला कुणीतरी हवं. आणि तुम्ही मानधन मागत नाही!"

मी लगेच स्वेटर शोधायला लागलो.

अशी सहल काढू पाहणाऱ्या शाळांसाठी आधी खर्चाचं सांगतो. आमची शाळा विनाअनुदानित, फी आणि माजी विद्यार्थिनींच्या देणग्या यांवर चालणारी. तरी हे जमतं, कारण हॉटेल नाही. आमच्या मुली वाईच्या मुलींच्या घरी राहतात, पंधरा दिवसांनी त्या आमच्याकडे येतात. प्रासंगिक कराराची एसटी आणि शिबिराचा शिधा मिळून मुलीमागे चौदाशे रुपये. नियम एकच: जिच्या घरी राहिलात, तिला आपल्या घरी ठेवून घ्यायचं. जी ठेवणार नाही, तिची पुढच्या वर्षीची जागा दुसरीला.

सकाळी सहाला निघालो. घाट चढेपर्यंत अर्ध्या मुली झोपल्या, उरलेल्या अर्ध्यांनी त्यांना झोपू दिलं नाही. शिरवळच्या अलीकडे मिसळ खाल्ली. चांगली होती, पण पोटाला जपणाऱ्यांनी पोहे घ्यावेत. मी घेतले नाहीत आणि खंबाटकी घाटात पस्तावलो. सुरूरला हमरस्ता सोडला की उसाची हिरवाई सुरू होते. साडेबाराला वाई. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर दोन्ही शाळांच्या मुली समोरासमोर उभ्या, आणि कुणी कुणाशी बोलेना! पाच मिनिटांनी मात्र कुणाला थांबवता येईना.

आमची नववीतली सायली वाईच्या केतकीच्या घरी गेली. तिथेच मला जेवायला बोलावलं होतं. ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ, ताजं लोणी. केतकीची आई वाढताना म्हणाली, "म्हणजे आमची केतकी तुमच्याच घरी राहणार ना? सुकापूरला? सायलीच्या फॉर्मवर तुमचाच पत्ता आहे की."

मला हे नवीनच होतं. सायली ताटात खाली बघत होती. मी म्हणालो, "हो, हो, घर मोठं आहे आमचं." खोटं बोलण्याची सवय नाही, घर दोन खोल्यांचं आहे.

दुसऱ्या दिवशी धोम धरणाच्या काठी शिबिर. तंबू ठोकणं, चुली मांडणं सगळं मुलींनीच केलं. (वारा बोचरा असतो, कानटोपी न्याच.) संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून मी कविता म्हणून घेतली. एक आवाज अर्धी ओळ मागून येत होता. वळून पाहिलं तर सायली.

"अशी कुणी शिकवली तुला?"

"आजीनं. ती तुमच्याच वर्गात होती, सर. गुलाब."

मग सगळं बाहेर आलं. ही पनवेलजवळच्या कोन गावची पोर. आजीने सहलीला आनंदाने पाठवलं, पण पाहुणी ठेवायला ठाम नकार दिला: 'परक्याच्या पोरीची जोखीम आपल्याला नको.' म्हणून सायलीने फॉर्मवर गुपचूप माझा पत्ता घातला. मला गुलाबचे वडील आठवले. आमच्या पहिल्याच शिबिराच्या वेळी शाळेच्या दारात उभं राहून ते म्हणाले होते, "पोर परक्या घरी ठेवायची नाय." सातवीनंतर गुलाब शाळेत आली नाही.

मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "सर, केतकी तुमच्याकडे उतरू दे. पण एक रात्र तरी सायलीच्या घरी राहिली पाहिजे. नियम मोडला तर उद्या सगळ्याच पत्ते बदलतील."

"आणि आजीला कोण सांगणार?"

"सायली. पत्ता तिनेच लिहिलाय ना?"

तिसऱ्या दिवशी निघताना केतकीच्या आईने सायलीच्या हातात घेवड्याने गच्च भरलेला स्टीलचा डबा दिला. "आजींना दे. आणि डबा केतकीबरोबर पाठव हं, जोडीतला आहे." सायली तो पनवेलपर्यंत मांडीवर घेऊन बसली होती.

पंधरा दिवसांनी वाईच्या मुली आल्या. केतकी आमच्याकडे उतरली. आमच्या सौभाग्यवतींनी तिला कर्नाळ्याचे पक्षी दाखवले, वडे खाऊ घातले, पण पोर विचारी, "सायलीचं घर कधी बघायचं?" सायली शाळेत मान खाली घालून हिंडत होती. "आजीला सगळं सांगितलं, सर. ती उठून तांदूळ निवडायला बसली."

उद्या वाईची गाडी. आज सकाळपासून मी खिडकीत बसून हिशेब करतोय, काय उरलं याचा. धोमच्या पाण्यावरून आलेला वारा उरला. ज्वारीच्या भाकरीची चव उरली. आणि एका मुलीची जागा जाणार, ही रुखरुख.

एवढं लिहून झालं आणि बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून दार उघडलं. जिना चढून दमलेली, पांढऱ्या केसांची एक बाई, मागे सायली. हात रिकामे.

"सर, उशीर झाला."

"गुलाब, तू वेळेवर कधी होतीस?"

ती हसली, हसूही तिच्या आवाजासारखंच जरा मागून आलं. "मोकला डबा मागं धाडायची आमच्यात रीत नाय. तांदलाच्या पापड्यांनी भरलाय. पन तो घरीच ठेवलाय. पावनीनं येऊन घ्यायचा, आनि रातची भाकरी आमच्यातच खायाची."

माझ्या मागे केतकी केव्हाच चपला घालून उभी होती.