वाळलेला थेंब

आमच्या चाकणच्या कंपनीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी थंड ठेवणारं कुलंट बनतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण मिसळले तर ते जास्त उष्णता ओढून घेतं. यावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या लातूरच्या सहकाऱ्याने जीव तोडून काम केलं, आणि मोठ्या साहेबांनी एका फोटोवरून ते बंद करून टाकलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याच्या थेंबात कणांच्या गुठळ्या दिसल्या होत्या. गुठळ्या म्हणजे नळ्या चोंदणार. गडी राजीनामा देऊन गावी गेला.

माझं डोकं तेव्हाच तापलं होतं. अहो, तो थेंब वाळवून काढलेला फोटो. बशीत सांडलेला चहा वाळला की सगळा रंग कडेला गोळा होतो, म्हणून कपातला चहाही तसाच असतो का? सूक्ष्मदर्शकात हवा नसते, ओलं काही टिकत नाही, म्हणून वाळवतात, एवढंच. त्याच्या कुलंटची बाटली मी कपाटात जपून ठेवली होती, तळाला गाळाचा पत्ता नव्हता. थेंब न वाळवता तपासू द्या म्हणून मी साहेबांच्या हात धुऊन मागे लागले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मॅडम, एकदाच. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत द्रव ओलाच ठेवून बघायची सोय आहे. पापुद्र्यासारख्या दोन पडद्यांमध्ये थेंब बंद करतात. पहिल्या खेपेला पडदाच फुटला. दुसऱ्या खेपेला कण दिसले, सुटे सुटे, पण धूसर. यंत्र चालवणारे दादा म्हणाले, "थांबा, क्लिअर करून देतो," आणि त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वाढवला. चित्र लख्ख झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत कण एकमेकांना चिकटायला लागले. साहेबच खरे होते की काय?

पण मीही हट्टी. दही लागलं का म्हणून सारखं ढवळून बघितलं तर ते मोडणारच, असं आमच्या सांगवीच्या घरी सासूबाई म्हणतात. आम्ही तेच तर करत नव्हतो?

"दादा, झोत कमी करा आणि बाजूच्या जागेवर न्या."

"काही दिसायचं नाही, मॅडम."

"दिसेल तेवढं दिसू दे."

जिथे झोत पडलाच नव्हता तिथे कण सुटे होते, जागच्या जागी थरथरत होते. झोत वाढवायला लावला, चिकटले. पुन्हा कोरी जागा, पुन्हा कमी झोत, पुन्हा सुटे. संध्याकाळपर्यंत मी दादांना खुर्चीवरून उठू दिलं नाही.

साहेबांना मी लख्ख आणि धूसर, दोन्ही व्हिडिओ दाखवले. लपवाछपवी करून मला जिंकायचं नव्हतं. "हे झोतामुळे चिकटलेत," मी म्हणाले. "गाडीतल्या कुलंटवर झोत कोण मारणार आहे?"

साहेब धूसर व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिले. "थेंब वाळवू नका, असं तो तेव्हा सांगत होता ना?"

"हो, सर. तुमच्यासमोरच सांगत होता."

त्यांनी खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला.

"नंबर घाला त्याचा. मीच बोलतो."