आईच्या पिशवीतला केसपेपर

मंडळी, आज दुपारी माझा दादा बीडच्या कोर्टातून निर्दोष सुटला. घरी आल्याआल्या लिहायला बसलोय.

दादा पिकअप चालवतो. चौसाळ्याजवळ गाडी उलटली, पाय मोडला. दवाखान्यात पोलिसांनी रक्त घ्यायला लावलं आणि रिपोर्टमध्ये गुंगीचं औषध निघालं. झालं, नशेत गाडी चालवल्याची केस! ज्याला चहापलीकडं व्यसन न्हाई, त्याला गावानं गर्दुल्ला ठरवलं.

वकील म्हणाले, "रक्त घ्यायच्या आधी इंजेक्शन दिलं होतं का? कागद पाहिजे." दवाखान्यातली नोंद काही सापडेना.

कागद आईकडं निघाला. ऊसतोडीला जायची तेव्हापासून ती दवाखान्याचा एकेक चिठोरा पिशवीत जपते, कारण नव्या गावचा डॉक्टर आधी जुने कागद मागतो. तिला वाचता येत न्हाई. त्या पिशवीला आम्ही लई हसलो होतो.

केसपेपरवर होतं: पाय बसवण्याआधी गुंगीचं इंजेक्शन, सकाळी अकरा दहा. पोलिसांच्या कागदावर रक्त घेतल्याची वेळ अकरा चाळीस.

आज नर्सबाई साक्षीला आल्या. म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे. वेळ लिहिल्याशिवाय मी पुढच्या पेशंटकडं जात नाही." या बाईंचे उपकार कसे फेडायचे, तुम्हीच सांगा.

बाहेर आल्यावर आई वकिलांना म्हणाली, "सायेब, निकालाचा कागद मिळाला की माझ्याकडं द्या. पिशवीत ठिवते."

आज कुणी हसलं न्हाई.