सुईविद्या

"अवसर नाही ना, अम्मा?" असं विचारून मास्तर गळ्यातली टेप काढायचे आणि उत्तर येईपर्यंत तिचं टोक बोटाला गुंडाळत उभे राहायचे.

या प्रश्नाचं माझं पहिलंच उत्तर चुकलं. आम्ही सांगलीहून म्हैसूरला नुकतेच आलो होतो. समोरच्या घरात मराठी बोलणारे शिंपी राहतात हे कळल्यावर मला माहेर सापडल्यासारखं झालं आणि मी लगेच ब्लाउज शिवायला टाकला. अवसर म्हणजे प्रसंग, असं समजून मी म्हणाले, "अवसर आहे की! भाचीचं लग्न आहे." कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई, हे मला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ब्लाउज घेऊन दारात हजर. लग्न दोन महिन्यांनी होतं. ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अय्यो अम्मा! कोपऱ्यावरच्या बाईंचं काम बाजूला ठेवून हे शिवलं की मी!" त्या कोपऱ्यावरच्या बाई पुढे वर्षभर माझ्याशी फटकून वागल्या.

माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा माणूस मला अम्मा म्हणायचा. इकडे बाईमाणसाला तसंच म्हणतात. त्यांची कितवी पिढी म्हैसुरात होती, ते त्यांनाही सांगता येत नसे. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये संपायचं. विठ्ठलाच्या देवळात अभंग म्हणताना मात्र एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. बाजारातलं दुकान त्यांनी केव्हाच बंद केलं होतं; घरातल्या पुढच्या खोलीत मशीन मांडून ओळखीच्यांची कामं करायचे.

शिंप्याचा डोळा तुम्हीही अनुभवला असेल. आपण बोलत असतो आणि समोरचा आपल्या बाह्या बघत असतो. माझ्या नवऱ्याला ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर, डावा खांदा स्वल्प उतरलाय तुमचा." बस्स, आठवडाभर आमचे हे खांदा उचलून हूटगळ्ळीच्या ऑफिसात गेले. शेवटी मान आखडली तेव्हा कुठे खांदा खाली आला.

त्यांची बायको, म्हणजे काकू, बोलायला त्यांच्या दुप्पट आणि दिसायला निम्म्या. दोघांचं दिवसभर काही ना काही चाललेलं असायचं. काकू आतून ओरडायच्या, मास्तर मशीनचा आवाज वाढवायचे. मग त्यांच्या फोडणीचा वास आमच्या दारापर्यंत यायचा आणि मला कळायचं, मिटलं.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ जाईल, डॉक्टर म्हणाले, आणि ती गेलीही. पण गळ्याला किरणांचे शेक देऊन देऊन काकूंचं तोंड आतून सोलवटलं. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्याहून वाईट म्हणजे कसल्याही स्वयंपाकाचा वास आला की त्यांना उमळून यायचं. नुसता भात शिजला तरी त्या तोंडावर पदर घेऊन बाहेर जायच्या. मास्तर काहीही पुढे करोत, उत्तर एकच, "बेड." नको.

डॉक्टरांनी सांगून टाकलं, की पुढच्या तपासणीपर्यंत वजन आणखी उतरलं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल. काकूंनी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर तशी एक बाई पाहिली होती. "ते नाही हं मला," एवढंच त्या घरी येऊन म्हणाल्या. नळी घातली तर ही उरलंसुरलंही सोडून देईल, अशी मास्तरांना भीती. हे त्यांनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं. बोलता बोलता टेप बोटाला गुंडाळत होते. "कधीतरी मधेच हिला भूक लागते, अम्मा. स्टव्ह पेटवून काही करेपर्यंत वास सुटतो आणि भूक जाते. काय करू?"

आता आमच्या घरातल्या एका अडगळीबद्दल सांगायला हवं. आमच्या ह्यांना नवीन यंत्रांचा सोस आहे. त्यांनी एक विजेचा दांडा आणला होता. पाण्याच्या पातेल्यात उभा करायचा, हवं तेवढं तापमान लावायचं. तो पाणी तितकंच गरम ठेवतो आणि फिरवत राहतो. पदार्थ पिशवीत बंद करून त्या पाण्यात सोडायचा. मोठ्या थाटात त्यांनी एकदा त्यात सफरचंदाचा गरम गोड पदार्थ केला. झाला बरा, पण शिऱ्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट लागला, म्हणून मी दांड्याची रवानगी माळ्यावर केली होती. जिन्यातून वर येताना मला तो आठवला. पिशवी बंद असते. वास येत नाही. आणि शिजलेलं सफरचंद कमी आचेवर तसंच गरम राहू शकतं, भूक लागेल तोवर.

मास्तरांना समोर बसवून ह्यांनी रीतसर व्याख्यान दिलं. "या पद्धतीला सू-वीद म्हणतात, मास्तर. फ्रेंच आहे."

मास्तरांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "सुईविद्या? हौदा, असं होय! मग ती आमचीच की, सर!"

आम्ही दोघं हसलो आणि तिथेच चुकलो. ते गंमत करत नव्हते.

मी सफरचंदं सोलून फोडी केल्या, थोडा गूळ आणि चमचाभर तूप घातलं. लिंबू आणि दालचिनी मुद्दाम वगळली, सोलवटलेल्या तोंडाला झोंबली असती. सगळं झिपच्या पिशवीत भरून दिलं आणि म्हटलं, हवा काढून तोंड नीट बंद करा. पातेलं, दांडा सगळं त्यांच्या घरी मांडून मी कामाला गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर पातेल्यात गुळाचं पाणी आणि पिशवीत कोमट लगदा. मी पिशवी उचलून पाहिली. तोंडाला बारीक, एकसारखी, दुहेरी टीप घातलेली होती. इतकी सुंदर टीप माझ्या लग्नातल्या शालूलाही नव्हती. एका सुईच्या भोकातून अजून पाण्याची धार लागली होती.

"मास्तर, हे काय?"

"झिपचा भरवसा नाही अम्मा, प्यांटलासुद्धा उसवते ती. सुईविद्या म्हणालात म्हणून मशीनवर घातली." मग त्यांनी पिशवी उजेडात धरली आणि त्यांच्या लक्षात आलं. "कापडाला भोकं चालतात, नाही का," असं ते अगदी हळू म्हणाले.

मला हसू आवरेना. आणि आतल्या खोलीतून, कित्येक दिवसांत न ऐकलेला, घोगरा, तुटक आवाज आला. काकू हसत होत्या. "जन्मभर... माझ्या तोंडाला... टीप घालायला बघत होते. शेवटी पिशवी सापडली."

मास्तर दारात जाऊन उभे राहिले. त्यांना ओरडा खायचा होता की हसायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी तिथेच बसले. पिशवी तोंड वर धरून हळूहळू पाण्यात सोडली, की पाणीच तिला बाहेरून दाबतं आणि हवा निघून जाते. मग वर झिप चेपायची. पिशवी तरंगायला लागली तर मास्तरांनी वर काकूंचा छोटा वरवंटा ठेवला. पंच्याऐंशी अंशांवर दांडा घुमायला लागला. घरात कसलाही वास नव्हता. आयुष्यभर गिऱ्हाइकांना घाई करू नका म्हणणारा हा माणूस दर थोड्या वेळाने पातेल्यात डोकावत होता. "झालं असेल ना? काढू काय?" शेवटी मी त्यांना मशीनवर नेऊन बसवलं आणि म्हटलं, काहीही शिवा, पण उठू नका.

फोडी शिजल्यावर मी आच उतरवून पिशवी तशीच पाण्यात ठेवली. जेवायची वेळ होऊन गेली. काकू झोपल्या, उठल्या. उन्हं उतरायला लागली तेव्हा त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काहीतरी खावंसं वाटतंय गं."

मास्तर धडपडत उठले. वाटीत चार फोडी, वर त्यांचाच रस. अख्ख्या दिसत होत्या, पण चमच्याने दाबलं की लोण्यासारख्या कापल्या जात होत्या. काकूंनी पहिली फोड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. चेहरा वाकडा झाला नाही. दुसरी फोड. तिसरी. चौथी संपवून काकूंनी वाटी पुढे केली. "इन्नु स्वल्प."

आणखी थोडं. एवढे दोन शब्द. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच पातेल्यातलं पाणी बदलायला गेले आणि तिथे उभी राहून रडले.

मग ते पातेलं त्या घरात दिवसचे दिवस चालू राहिलं. सफरचंदानंतर भोपळा, मग मऊ मूगडाळ. टीप कुणी घातली नाही.

गेल्या वर्षी ती दोघं लेकीकडे कृष्णराजनगरला राहायला गेली. समोर आता नवीन भाडेकरू आहेत, भले लोक आहेत, पण कपडे विकत आणतात. दांडा मास्तरांबरोबर गेला. ह्यांना अधूनमधून त्याची आठवण येते, मला मास्तरांची.

त्याआधीचा, काकूंच्या तपासणीचा दिवस मात्र मी विसरणार नाही. दुपारी रिक्षा थांबली, मी खिडकीतच होते. काकू स्वतः उतरल्या आणि मान वर करून ओरडल्या, अगदी पूर्वीसारख्या, "नळी नाही गं! वजन वाढलंय!"

मी दोघांना सरळ आमच्याकडेच बोलावलं. काकूंना खिडकीपाशी, स्वयंपाकघरापासून लांब बसवलं. मास्तर टेबलाशी आले आणि जरा ओशाळून म्हणाले, "अम्मा, तिखट काही आहे काय?" मी भाकरी आणि ठेचा वाढला. पहिला घास घेतल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पाणीही घेतलं नाही. दुसरी भाकरी संपली, तिसरी मागितली.

काकू तिकडून बघत होत्या. "मला रोज सांगत होते, जेवलो मी, बाहेरच जेवलो," त्या म्हणाल्या. "कुठले जेवत होते! शर्ट बघ कसा लोंबतोय. शिंपी आहेत, आणि स्वतःच्या मापाचं कळलं नाही त्यांना."

मास्तरांनी मान वर केली नाही. ते जेवत होते.