न फुगलेली पट्टी

आमच्या ह्यांच्या उजव्या पायात खिळा घुसला तेव्हा ह्यांना कळलंच नाही. लाटंबार्सेच्या काजूच्या बागेतून आले, पायरीवर चप्पल काढली आणि मी नुकत्याच पुसलेल्या लादीवर अंगठ्याचे लाल ठसे उमटवत सरळ स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले.

"दुखत नाय?" मी ओरडलेच.

"कायेक नाय गो," हे हसून म्हणाले, "तूच बोंब मारतस."

ह्यांना मधुमेह आहे. साखरेच्या दुखण्यात पाय बधिर होतो, हे ऐकून होते. पण आपल्या नवऱ्याच्या पायातून रक्त वाहतंय आणि तो हसतोय, हे बघणं वेगळं.

हे ट्रक चालवतात. आधी खाणीवर होते, खाण बंद पडल्यावर चिरे वाहायला लागले. ब्रेक उजव्या पायाखाली असतो. त्या अंगठ्याचं काही झालं तर काय, हे घरात आम्ही दोघंही बोलत नव्हतो, पण ह्यांची ट्रकची चावी खुंटीवर लटकलेली दिसली की मी नजर दुसरीकडे वळवायचे.

जखम भरेना. शेवटी म्हापशाच्या डॉक्टरबाईंनी एक नवी पट्टी काढली. ताडगोळ्याच्या कापासारखी, पारदर्शक आणि लिबलिबीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. भरत आलेली जखम किंचित आंबट असते. जंतू वाढले की तिचा आंबटपणा जातो, ती क्षाराकडे झुकते. तसं झालं की ही जेल पाणी शोषून फुगते, तिची जाळी सैल होते आणि आत कोंडलेलं औषध बाहेर पडतं. जखम बरी असेल तर ती गप्प बसते, औषध राखून ठेवते. "फुगली की मला फोन करा," त्या म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा फुगत राहिली तर अंगठ्याचा विचार करावा लागेल."

एवढं सगळं ऐकून आम्ही घरी काय आणलं, तर शेवटचं वाक्य. फुगणं म्हणजे अंगठा जाणं. ते फुगणं हेच औषधाचं काम, हे डोक्यातून पार पुसून गेलं.

पहिल्यांदा मी वरचं कापड सोडलं तेव्हा जेल टम्म फुगली होती, दुधासारखी पांढरी. फोन केला, बाईंनी पट्टी बदलून दिली आणि घाबरू नका म्हणाल्या. घाबरू नका म्हटल्यावर घाबरायचं थांबतं का कोण? दुसऱ्यांदाही फुगली. तेव्हा मला रडूच आलं. ह्यांनी पाय ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर मात्र पट्टी शांत झाली. शाळेत शिकवून आले की मी आधी हात धुवायचे, मग पट्टी न उचलता वरून बघायचे. सपाट. दुसऱ्या दिवशीही सपाट. मी देवापुढे साखर ठेवली, शेजारणीला हाक मारून सांगितलं, ह्यांना चेष्टेने म्हटलं, "आता करा तयारी, नवी चप्पल आणूया." हे नुसते हूं म्हणाले.

मग एका दुपारी शाळेतून आले तर हे अंगणात उन्हात बसलेले. एप्रिलचा उकाडा आणि अंगात लोकरीचा स्वेटर. दात वाजत होते. पायाजवळ वाकले तर असा वास आला की मी मागेच सरले. पट्टी तशीच, सपाट. तिच्या कडेने अंगठा काळानिळा झाला होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरबाईंनी पट्टी चिमट्याने उचलली, उजेडात धरली. कडेला गुलाबी झाक होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली. "ह्याला कोकमाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.

"तुमीच सांगितलात मा, आंबट असला तर ती फुगणा नाय," हे पुटपुटले. "म्हणान ही शाळेत गेली काय मी आगळ लावी. कापसान. वायच."

घरचं आगळ, कोकमाचा आंबट रस, सोलकढीत घालतो तो. त्याच्या आंबटाने जेल मिटून बसली होती. औषध सगळं आतच, आणि जंतू खाली मोकळे.

बाई रागावल्या नाहीत, त्याने मला आणखीच धडकी भरली. त्या फक्त म्हणाल्या, "आता अंगठा वाचणार नाही. पाऊल वाचवू."

ह्यांना ऑपरेशनला आत नेण्याआधी मी विचारलं. राग होता, लपवला नाही. "कित्याक केल्यात असा? बाईंका फसवून काय मिळाला तुमका?"

"बाईंका नाय गो," हे म्हणाले. "पट्टी फुगली म्हणजे तुझा तोंड कसा होता, ता तुका दिसणा नाय. माका दिसता."

मी ह्यांच्या अंगातला स्वेटर उतरवून घेतला.

अंगठा गेला. पाऊल राहिलं. ट्रक चालवता येईल का, ते अजून कोणी नक्की सांगत नाही. नव्या जखमेवर पुन्हा तीच पट्टी आहे, आणि काल ती फुगली. "औषध सुटतंय, चांगलं आहे," मी म्हणाले, वर्गात बोलते तशा स्वच्छ आवाजात. हे पट्टीकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.