गादी कोरडी झाली आणि मंजू बदलली

"मिसेस देवधर, तुमची मुलगी बिघडलेली नाही. मला वाटतं, हा राग या गोळीमुळे आलाय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ती छोटीशी गोळी टेबलावर ठेवली.

मी त्या गोळीकडे बघतच राहिले. रोज संध्याकाळी मीच ती मंजूला माझ्या हातानं देत होते. शेजारच्या खुर्चीत माझे यजमान बसले होते. त्यांच्या कपाळाला पट्टी होती. मंजू माझ्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

सत्तर सालाच्या आगेमागे आम्ही बदलीवर कलकत्त्याला आलो. यांचं ऑफिस कस्टम्सचं, खिदिरपूरच्या गोदीत. मंजू नऊ वर्षांची, धाकटी बेबी दोन वर्षांची. मंजू मुळात अबोल, सोशिक. इथे शाळेत सगळं इंग्रजी आणि बंगाली. तिला कुणी मैत्रीणच मिळेना. त्यातच लहानपणीची तक्रार पुन्हा सुरू झाली. झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. सकाळी ती शरमेनं मान वर करत नसे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी याला एनुरेसिस म्हणतात असं सांगितलं. म्हणजे मोठं होऊनही मुलाला झोपेत लघवी होणं. त्यांनी इमिप्रामीनच्या गोळ्या दिल्या. हे मूळचं अँटिडिप्रेसंट, म्हणजे मोठ्या माणसांच्या उदासीनतेवरचं औषध; पण मुलांच्या या तक्रारीवरही चालतं, असं ते म्हणाले. आणि खरंच चाललं. गादी कोरडी राहू लागली. मध्ये एकदोनदा पुन्हा ओली झाली, तेव्हा त्यांनी गोळी थोडी वाढवली.

त्यानंतर मंजूला राग यायला लागला.

आधी कंगवा फेकला. मग शाळेतून निरोप आला की तिनं एका मुलीला कडकडून चावा घेतला. आमची मंजू? माझा विश्वास बसेना. तोंडाला सारखी कोरड, अंगाला घाम, झोप नाही. रागाच्या भरात ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मला ओळखतच नाही.

त्या दिवसांत नक्षलवादी चळवळीनं शहरच तापलेलं होतं. गल्लीत बॉम्ब फुटायचे, शाळा मध्येच सुटायच्या. माझ्या वन्सं लग्नापासून कलकत्त्यातच राहिलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, इथली हवाच वाईट आहे आता. पोरगी हाताबाहेर जाण्याआधी सांगलीला आजीकडे ठेव तिला." यांनाही ते पटत चाललं होतं.

एका रविवारी सकाळी मी वेलदोडे कुटत होते. हे बेबीला उचलायला वाकले आणि सहज म्हणाले, "मंजू, तुझं ताट उचल बघू."

तिनं माझ्या समोरचा बत्ता उचलला आणि फेकला. तो बेबीच्या डोक्यावरून गेला आणि यांच्या कपाळावर बसला. हे मटकन खाली बसले. बोटांमधून रक्त ओघळायला लागलं. मी किंचाळले. मंजू मात्र जागची हलली नाही. पांढरीफटक पडून स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली, "बाबा, मी नाही मारलं. माझ्या हातानं मारलं."

इस्पितळात एका तरुण डॉक्टरीण बाईंनी टाके घातले. "कशानं लागलं?" त्यांनी विचारलं. दाराची चौकट लागली, असं मी सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यातून मंजू मोडक्या बंगालीत म्हणाली, "आमी मेरेछी." मी मारलं.

बाईंनी टाक्याची गाठ पुरी केली आणि मग माझ्याकडे वळल्या. "ही पहिल्यापासून अशीच आहे?"

"नाही हो. मुंगीला दुखवणार नाही अशी होती."

"काही औषध चालू आहे?"

"औषध असं नाही. एक छोटी गोळी आहे."

मी गोळीचं नाव सांगताच त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर मुलांच्या मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथल्या बाकावर बसलो आणि वीज गेली. पंखे थांबले. मंजू घामानं निथळत होती. मी पदरानं वारा घालत होते आणि मला तिचीच भीती वाटत होती. पोटच्या पोरीची.

डॉक्टर वयस्कर होते. बंगाल्यांत लहान मुलींना लाडानं 'मा' म्हणतात. त्यांनी तिचा हात हातात घेऊन विचारलं, "राग येतो तेव्हा काय होतं, मा?"

"छातीत काहीतरी पळतं," मंजू म्हणाली. "मग मला थांबताच येत नाही."

त्यांनी ई.सी.जी. काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ठोके जलद होते, पण काळजीचं कारण नव्हतं. मग त्यांनी गोळी कधी वाढवली ते विचारलं, राग कधी वाढला ते विचारलं. दोन्हींची उत्तरं एकच निघाली. तेव्हा त्यांनी ते सुरुवातीचं वाक्य उच्चारलं.

"पण ही तर मन बरं करणारी गोळी ना?" यांनी विचारलं. "आम्ही तर हिला सांगलीला आजीकडे ठेवायला निघालो होतो."

"पुष्कळांना करते. काही मुलांचं डोकं मात्र तिच्यामुळे उलट भडकतं. एकदम बंद करू नका. मी सांगतो तशी हळूहळू कमी करा. आणि तिला सांगलीला वगैरे मुळीच पाठवू नका. ती स्वतःलाच घाबरली आहे."

गोळी कमी होत गेली तसा राग ओसरला. अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं. आम्ही कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. यथावकाश ते आपोआप थांबलं. आमच्या पहिल्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. यापुढे मी आईबापांना आधीच सावध करीन."

ज्यांच्या घरी असं घडत असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलाचा स्वभाव एकाएकी पालटला, तर त्याला नावं ठेवण्याआधी औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि औषध मनानं बंद करू नका.

मंजू बरी झाली, पण बेबीला हात लावेना. बेबी मांडीवर येऊ लागली की ही उठून जायची.

थंडीत एकदा आम्ही एस्प्लनेडच्या बाजारात गेलो होतो. बेबीनं मंजूच्या वेणीची रिबन ओढून सोडली. "मूर्ख आहेस का गं?" मंजू ओरडली. मी झटकन बेबीला मागे ओढलं. मंजूनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"अगं, रागावू दे की तिला," हे मला म्हणाले. "रिबन ओढल्यावर कोण रागावणार नाही?" त्यांनी बेबीचा हात माझ्या हातातून सोडवला आणि मंजूच्या हातात दिला. "घट्ट धर. पलीकडे ने तिला."

मंजू क्षणभर थबकली. मग ट्राम जाऊ दिली, दोन्हीकडे पाहिलं आणि बेबीला घेऊन रूळ ओलांडू लागली. वाटेत तिला रिबनवरून चांगलं रागे भरत होती.