भडंगाच्या डब्यातलं बेणं

मी लिनक्सवाली. जुन्या लॅपटॉपवर विंडोज रांगायला लागलं तेव्हा ते उपटून लिनक्स टाकलं. ‘त्यावर गेम चालत न्हाईत’ म्हणणारे लय भेटले. चालतात! या आमच्या गावाला, कुंडलला, दाखवते.

दादा फौजेत आहे. तो सुट्टीला आला की आमचा एकच उद्योग, दोघांनी मिळून जहाज चालवायचा गेम. सुकाणू त्याच्याकडं, भोकं बुजवायला मी. भांडण दोघांचं. एका सुट्टीनंतर त्यानं तो आपल्या लॅपटॉपवर घालून नेला. पोस्टिंग डोंगरात, इंटरनेट नाही. गेम उघडला की एकच पाटी: इंटरनेटला जोडा. अख्खा हिवाळा ती पाटी बघत बसला बिचारा.

“ऱ्हाऊ दे गं,” तो फोनवर म्हणाला. मी कशाची राहू देतेय? ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला होता त्यांना लिहिलं, विकत घेतलेला गेम नेटशिवाय का चालत नाही? उत्तर आलं, तुम्ही गेम नाही, वापरायची परवानगी घेतली आहे. मी परत लिहिलं, मग बटणावर ‘विकत घ्या’ कशाला लिहिलंय? ‘भाड्यानं घ्या’ लिहा की! 

आबा उसाच्या लागणीसाठी बेण्याच्या कांड्या तोडत होते. माझी बडबड ऐकून म्हणाले, “पोरी, बेणं घरचं पायजे. लोकाच्या दारात हुबं ऱ्हाऊन लागण व्हत न्हाई.”

पटलं. तोच गेम दुसऱ्या दुकानातून पुन्हा घेतला, निव्वळ जिद्दीनं. ते दुकान अख्खी फाइल हातात देतं, लिनक्सची वेगळी. उतरवा, ठेवा, नंतर कुणी विचारायला येत नाही. पुढच्या सुट्टीत दादाच्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं, गेम घातला. वर फाइलचा पेन ड्राइव्ह पिशवीत गुंडाळून त्याच्या ट्रंकेतल्या भडंगाच्या डब्यात खुपसला.

“अगं, त्याल लागंल त्याला!” आई ओरडली.

“लागू दे. पण हरवणार न्हाई. भडंग कुणी इसरतंय व्हय?”

डोंगरात गेम चालला. मग गेल्या वर्षी तो बनवणारी कंपनीच बुडाली. पहिल्या दुकानानं माझ्या खात्यातून गेम गुपचूप काढून टाकला. दुसऱ्याकडूनही परत उतरवता येईना. त्यातच लाइट वरखाली होऊन माझा लॅपटॉप जळाला, आणि माझ्याकडची फाइल गेली. दादाकडची तरी धड उरली असेल का, कुणास ठाऊक. मी रडले. हो, गेमसाठी रडले. दादाबरोबर बसायचं आमचं ते एकच ठिकाण होतं.

दादा सुट्टीला आला. ट्रंक उघडून भडंगाचा रिकामा डबा माझ्या मांडीवर ठेवला. आत पेन ड्राइव्ह, लसणाच्या वासासकट.

“घे, तुझं बेणं. आबा म्हणत्यात, दिलेलं बेणं फिरून घरी येतंय.”

दुपारीच नव्या लॅपटॉपवर घातला. दादानं नेहमीसारखं जहाज खडकावर नेलं, मी नेहमीसारखी बोंबलले. आमचं जहाज आम्ही बुडवलं, कुणाच्या बापाला न विचारता.